पाणी हिरवंगार, तरी कटला का खुरटला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जालना जिल्ह्यातलं ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल शेततळं, आत ५०० मायक्रॉनचं प्लास्टिक. ऑगस्टमध्ये ९०० बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, सोडली : कटला ३००, रोहू २००, मृगळ १५०, सिल्व्हर कार्प २५०. दर आठवड्याला चार घमेली शेण आणि रोज दोन किलो कोंडा-पेंड चालू आहे. आता फेब्रुवारीत पाणी २ मीटरवर आलंय आणि गडद हिरवं आहे. सिल्व्हर अर्ध्या किलोचा झाला, कटला मात्र २००-२५० ग्रॅमवर अडकला आणि मृगळ त्याहून लहान. कुणीतरी सांगितलं की प्राणीप्लवंग कमी पडले. तर ते वाढवायची पावडर कोणती?

पावडरीत पैसे घालू नका. प्राणीप्लवंग कमी पडले हे निदान बरोबर आहे, पण ते कमी तयार होतात म्हणून नव्हे, मोठे होण्याआधीच खाल्ले जातात म्हणून. तुम्ही वरच्या थरात खाणारी तोंडं जास्त सोडली आहेत आणि ती सगळी एकाच ताटावर बसली आहेत.

आधी हिरव्या रंगाचा गैरसमज काढू. हिरवा रंग वनस्पती प्लवंगांचा, म्हणजे सूक्ष्म शेवाळाचा असतो. प्राणीप्लवंग म्हणजे ते शेवाळ, जिवाणू आणि कुजके कण खाणारे बारीक जीव : रोटिफर, मोइना, डाफ्निया, सायक्लॉप्स, डायप्टोमस आणि त्यांची पिल्लं. त्यांचा पाण्याला रंग येत नाही. आला तर तपकिरी-करडी झाक येते. उलट पाणी दिवसेंदिवस गडद हिरवं होत चाललंय याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की शेवाळ चरणारेच उरले नाहीत. शेतात जनावर नसलं की गवत माजतं, त्यातलाच प्रकार.

कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं आणि कल्ल्यातल्या चाळणीचे दाते मध्यम बारीक असतात. तो मुख्यतः मोइना, डाफ्निया, सायक्लॉप्स या मापाचा घास गाळतो. सिल्व्हरच्या कल्ल्यातली चाळणी स्पंजासारखी एकजीव असते. ती शेवाळही गाळते आणि रोटिफरसकट बारीक प्राणीप्लवंगही. म्हणजे कटल्याच्या ताटातला घास लहान असतानाच सिल्व्हर उचलतो. त्याला शेवाळावरही भागवता येतं, कटल्याला तितकं येत नाही. म्हणून एका तळ्यात दोघं दाटीनं असले की हार नेहमी कटल्याची. बिगहेड कार्प तर थेट प्राणीप्लवंगच खातो, त्यामुळे कटला असेल तिथे तो सोडूच नये. रोहू लहानपणी प्राणीप्लवंग खातो, पुढे मधल्या थरातलं शेवाळ आणि काठाला, दगडाला चिकटलेला थर खरवडून खातो. मृगळ तळातला कुजका गाळ खातो आणि तुमच्या तळाला गाळच नाही, प्लास्टिक आहे. मृगळ का खुरटला याचं उत्तर तिथेच मिळतं. त्याला वेगळा रोग शोधत बसू नका.

आता जरा हिशेब करू. काठाचा उतार १:१.५ धरला तर ३० बाय ३० च्या तळ्याचा तळ २१ बाय २१ मीटरचा येतो. पूर्ण भरलं तर पाणी सुमारे १९७० घनमीटर, २ मीटरवर ११६० आणि दीड मीटरवर जेमतेम ८१०. खोली निम्मी झाली की पाणी निम्म्याहून कमी उरतं, हे उन्हाळ्यात बरेच जण विसरतात. ५० लिटर पाणी गाळून १ मि.ली. प्लवंग बसले तर तळं ठीक समजतात. म्हणजे घनमीटरला २० मि.ली. आणि तुमच्या आजच्या पाण्यात एकूण २३ लिटर. हा सगळा ओला गाळ, त्यात कोरडा भाग दहा टक्क्यांच्या आतबाहेर. म्हणजे अख्ख्या तळ्यात, उदारपणे धरलं तरी, सव्वादोन किलो कोरडं अन्न. मरतूक वजा करता तुमच्या माशांचं वजन आज सव्वादोनशे-अडीचशे किलो असेल. वजनाच्या दोन टक्के धरले तरी त्यांना रोज साडेचार-पाच किलो कोरडं खाद्य लागतं. तळ्यातले सगळे प्लवंग म्हणजे त्यांचं अर्ध्या दिवसाचं जेवण. म्हणून जाळीत किती सापडले यापेक्षा खाल्लेले किती वेगानं भरून येतात, हे महत्त्वाचं. जाळीत येतं ते गल्ल्यात उरलेलं, दिवसाची विक्री नव्हे.

तरीही नमुना घ्यायचाच, फक्त तो वाचायचा कसा हे कळलं पाहिजे. ६० मायक्रॉनच्या आसपास छिद्र असलेली प्लवंग जाळी घ्या, खाली काचेची नळी किंवा लहान बाटली बांधा. तळ्याच्या पाच जागांवरून दहा-दहा लिटर पाणी बादलीनं घेऊन गाळा. नुसत्या काठावरून घेऊ नका, कारण वाऱ्यानं एका बाजूला ढीग जमतो. वेळ दरवेळी तीच ठेवा, सकाळी आठ-नऊची. हे जीव रात्री वर येतात आणि ऊन चढलं की खाली जातात. सकाळच्या आणि दुपारच्या नमुन्याची तुलना केली तर कारण नसताना घाबराल. नळीत चिमूटभर मीठ टाकून वीस मिनिटं ठेवा. जीव मरून तळाला बसतात. तळाचा तपकिरी-करडा थर प्राणीप्लवंगांचा, त्यावरचा हिरवा शेवाळाचा. काही शेवाळ खाली बसण्याऐवजी वर तरंगून आलं तर ते नीलहरित, त्याचं पुढे सांगतो. मातीच्या तळ्यात पावसाळ्यात एक फसगत होते. काळ्या मातीचा गाळही तपकिरी बसतो आणि नळीत ३ मि.ली. दिसले म्हणून शेतकरी खूश होतो. मीठ टाकण्याआधी नळीच्या एका बाजूला बॅटरीचा उजेड धरा. हलून एकत्र येतात ते जीव, नुसती तरंगते ती माती.

मग दहापट दाखवणारं भिंग घ्या. मोइना-डाफ्निया उड्या मारल्यासारखे झटक्यानं वर जातात आणि अलगद खाली येतात. सायक्लॉप्स तिरासारखा सरकतो आणि मादीच्या शेपटीला दोन बाजूंना अंड्यांच्या पिशव्या लटकलेल्या दिसतात. रोटिफर भिंगातून धुळीसारखेच दिसतात, त्यांना सूक्ष्मदर्शक लागतो. मोजणीपेक्षा माप बघा. नमुन्यात उडणारे मोठे जीव भरपूर असतील तर तळ्यात खाणारे कमी आहेत. बी, म्हणजे सोडायची पिल्लं, अजून थोडं वाढवता येईल, किंवा कटला आजारी आहे का ते बघावं लागेल. मोठे जीव दिसतच नाहीत, फक्त धूळ आणि सायक्लॉप्सची पिल्लं, असं असेल तर मासे मोठा घास वाढू देत नाहीत. हा नियम जुना आहे. १९६५ साली ब्रूक्स आणि डॉडसन यांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या तलावांवरून दाखवून दिलं, की प्लवंग खाणारा मासा आला की मोठ्या जातींचे प्राणीप्लवंग जातात आणि बारीक जातींचं राज्य येतं. तुम्ही लिहिलेल्या वाढीवरून तुमच्या नमुन्यात दुसरा प्रकारच दिसणार.

भरपाईचा वेग जातीवर ठरतो. पाणी २८-३० अंश असेल तर रोटिफरची पिढी एक-दोन दिवसांत फिरते. मोइना चार-पाच दिवसांत पिल्लं देऊ लागतो आणि चांगले दिवस असेपर्यंत नराशिवायच वाढतो. सायक्लॉप्सला नर-मादी दोन्ही लागतात आणि पिल्लापासून मोठं व्हायला एक ते तीन आठवडे. म्हणून खत घातल्यावर आधी रोटिफर, आठवडाभरात मोइना आणि सायक्लॉप्स शेवटी असा क्रम दिसतो. महिन्यातून एकदा गाडीभर शेण ओतणाऱ्याच्या तळ्यात ही लाट एकदा येते आणि ओसरते, मधले दोन आठवडे कटला उपाशी. थोडं थोडं, पण नेमानं, हीच प्राणीप्लवंगांची शेती.

प्रमाणाबद्दल. भुवनेश्वरजवळच्या कौशल्यगंगा इथल्या केंद्रीय संस्थेच्या धर्तीवर हेक्टरी वर्षाला १० ते १५ टन शेण, २०० किलो युरिया आणि ३०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट सांगितलं जातं. शेणाचा पाचवा हिस्सा बी सोडण्याच्या पंधरा दिवस आधी आणि उरलेलं पंधरवड्याला वाटून. ९ गुंठ्यांच्या पूर्ण भरलेल्या तळ्याला, १० टनांचा आकडा धरून, सुरुवातीला १८० किलो आणि नंतर आठवड्याला १५ ते १८ किलो शेण येतं. सुपर फॉस्फेट पंधरवड्याला साधारण एक किलो, युरिया पाऊण किलो. पाणी उतरलं की पृष्ठभाग कमी होतो, तसं प्रमाणही उतरवा. २ मीटरवर तुमचा पृष्ठभाग ७३० चौरस मीटरच आहे. कोंबडीखत वापरायचं तर शेणाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको. गोबरगॅसची स्लरी मिळत असेल तर ती ताज्या शेणापेक्षा बरी, कारण ती कुजताना प्राणवायू कमी ओढते.

चुन्याबाबत मात्र सरसकट शिफारस इथे उचलू नका. हेक्टरी २०० ते ५०० किलो चुना हा आकडा आम्लधर्मी, मऊ मातीच्या तळ्यांना शोभतो. मराठवाड्यात बेसाल्टची काळी, चुनखडीयुक्त जमीन आणि बोअरचं जड पाणी, सामू (pH) बहुतेक जागी आधीच ८ च्या पुढे. तिथे चुना म्हणजे पैसे पाण्यात घालणं. वर चुना आणि सुपर फॉस्फेट एकाच आठवड्यात घातलं तर फॉस्फरस चुन्याशी बांधला जाऊन तळाला बसतो. सामू मोजायचा तर दुपारी तीनला मोजा. गडद हिरव्या तळ्यात तो तेव्हा ९ च्या वर गेलेला असतो. ३० अंश तापमानाला आणि ९ सामूला पाण्यातल्या एकूण अमोनियाचा जवळजवळ निम्मा भाग विषारी रूपात असतो, ८ सामूला तो सात-आठ टक्केच. म्हणून दुपारचा सामू ८.५ च्या वर असेल तर युरिया बंद.

प्लास्टिकच्या तळ्याची आणखी एक अडचण कुणी सांगत नाही. मोइना-डाफ्निया वाईट दिवस आले की जाड कवचाची सुप्त अंडी घालतात. ती तळाच्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. मे महिन्यात भेगाळलेला गावतलाव जुलैत भरला की आठवड्याभरात त्यात जीव वळवळताना दिसतात, ते या अंड्यांमुळे. प्लास्टिकच्या तळ्यात ही बेगमी नसते, त्यातही दरवर्षी घासून धुतलेलं आणि बोअरनं भरलेलं असेल तर मुळीच नसते. तिथे विरजण बाहेरून आणावं लागतं. गावतलावाचा गाळ शेतात टाकायला आणताच, त्यातलाच दोन-तीन किलो सुका गाळ बादलीत कालवून, वरचं पाणी गाळून तळ्यात सोडलं तरी सुरुवात होते. मात्र पुढच्या हंगामात मासे सोडण्याच्या दहा दिवस आधी सोडा, नाहीतर तुम्ही माशांना नुसता नाश्ता दिलात असं होईल.

फवारणीचंही बघा. कपाशी, तूर, सोयाबीनवर मारलेलं सायपरमेथ्रिन, क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस पावसाबरोबर किंवा पंप धुताना तळ्यात उतरलं, तर मासा मरण्याच्या कितीतरी आधी मोइना-डाफ्निया मरतात. लिटरला मायक्रोग्रॅममध्ये मोजावी इतकी मात्राही त्यांना पुरते. लक्षण असं : मासे ठणठणीत, पण चार-पाच दिवसांत पाणी एकदम हिरवंगार आणि नमुन्यात उडणारं काहीच नाही. उवा म्हणजे आर्गुलस पडल्यावर जी पायरेथ्रॉइड औषधं टाकतात, त्यांनीही हेच होतं. औषध टाकावं लागलं तर दोन-तीन आठवड्यांनी विरजण पुन्हा लावा. शेवाळ मारायला मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकायचा सल्ला मिळाला तर ऐकू नका. तांबं प्राणीप्लवंगांना शेवाळाइतकंच घातक आहे आणि एकदम मेलेलं शेवाळ कुजताना रात्रीतून प्राणवायू संपवतं.

आणि चिलापी (तिलापिया). वाहून आलेली पाच-दहा चिलापी सहा महिन्यांत शेकड्यांनी होतात आणि प्लवंगांवरच जगतात. डासांसाठी सोडलेले गप्पीही तेच खातात. हौदात त्यांचं काम चांगलं आहे, मत्स्यतळ्यात नको.

आता तुमच्या तळ्याचं काम. पहिल्या दिवशी पांढरी-काळी तबकडी, किंवा ती नसेल तर हात बुडवून बघा. तळहात कोपरापर्यंत बुडवताना दिसेनासा झाला, म्हणजे २५ ते ४० सेंटिमीटर, तर ठीक. मनगटालाच दिसेनासा झाला तर शेवाळ माजलंय. तुमचं वर्णन मनगटाचं आहे. म्हणून शेण, युरिया, फॉस्फेट सगळं पंधरा दिवस बंद. पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय येऊन वाऱ्याच्या कोपऱ्यात जमत असेल तर ते नीलहरित शेवाळ, बहुधा मायक्रोसिस्टिस. त्याच्या गोळ्या प्राणीप्लवंगांच्या तोंडात मावत नाहीत आणि त्यात पोषणही नाही. सकाळी कापडानं ती साय गोळा करून बाहेर फेका आणि जमलं तर तळातलं चौथा हिस्सा पाणी पिकाला देऊन नवं भरा. ते पाणी पिकाला खतासारखंच आहे.

दुसरं, सिल्व्हर काढा. अर्ध्या किलोचे झालेत, विकतील. भल्या पहाटे गारव्यात जाळं ओढा. सिल्व्हर जाळ्यावरून उड्या मारून निसटतो, म्हणून वरचा दोर हातभर उचलून धरायला दोन माणसं जास्त ठेवा. २५० पैकी ५० च्या आत राहू द्या. प्लास्टिकवर ओढताना शिशाची कडा दगडात अडकून ताव फाटतो, खालच्या दोराला जुनं कापड गुंडाळा.

तिसरं, पंधरा दिवसांनी पाणी २५ सेंटिमीटरच्या पुढे साफ झालं की कच्चं शेण टाकण्याऐवजी आंबवलेलं पाणी द्या. दोनशे लिटरच्या पिंपात शेंगदाणा पेंड ५ किलो, शेण १० किलो, सुपर फॉस्फेट १ किलो, तीन दिवस भिजवून, दिवसातून दोनदा ढवळून. वरचं पाणी फडक्यानं गाळून सकाळी तळ्यावर शिंपडा, चोथा शेतात टाका. प्लास्टिकच्या तळाला चोथा बसला की काळा, कुजक्या अंड्यासारखा वास मारणारा थर होतो. हे दर दहा दिवसांनी एकदा. ढगाळ दिवशी आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडत असतील तेव्हा अजिबात नको.

चौथं, आडोसा. तळ्याच्या कोपऱ्यात ३ बाय ३ मीटरची मच्छरदाणी बांबूंवर, तळापर्यंत सोडून बांधा. आत मातीच्या चांगल्या तळ्यातलं शंभर-दोनशे लिटर पाणी सोडा. मासा आत जाऊ शकत नाही, मोइना छिद्रातून बाहेर येऊ शकतो. आत तो वाढत राहतो आणि रोज थोडा बाहेर झिरपतो. घरी ५०० लिटरच्या टाकीत मोइना वाढवायचा असेल तर हिरवं पाणी, त्यात १० ते १५ ग्रॅम बेकरीचं यीस्ट, मंद हवा. पाच दिवसांनी निम्मं यीस्ट पुन्हा. आठवड्यानंतर रोज चौथा हिस्सा काढता येतो. नळाचं क्लोरीनचं पाणी लगेच वापरू नका, दोन दिवस उघडं ठेवा. काठाला सकाळी लालसर ढग दिसले तर घाबरू नका, तो मोइनाच. पण लाली म्हणजे त्याच्या अंगात हिमोग्लोबिन वाढलंय आणि पाण्यात प्राणवायू कमी आहे. त्या दिवशी खाद्य निम्मं करा आणि रात्री पंप लावून पाणी फवारून परत पाडा.

खाद्याचं राहिलं. प्राणीप्लवंगांत कोरड्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास प्रथिनं असतात. ते भरपूर असतील तर नुसता कोंडाही भागवतो, कारण मासा त्यातून ऊर्जा घेतो आणि प्रथिनं प्लवंगांतून. ते संपले की कोंड्यावर मासा नुसता तग धरतो. तुमच्याकडे आज ते संपलेत, म्हणून दोन-तीन महिने सोयाबीन पेंड आणि कोंडा निम्मा-निम्मा करा. सिल्व्हर काढल्यावर उरलेल्या वजनाच्या अडीच-तीन टक्के द्या, दोन वेळा वाटून. कटला तळाला जात नाही, म्हणून छिद्रं पाडलेल्या पोत्यात भरून, पाण्याच्या वरच्या अर्ध्या मीटरमध्ये टांगा. सरकी पेंड स्वस्त पडते, पण त्यात गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असतं, पाचव्या हिश्शापुढे नको.

पुढच्या हंगामासाठी आकडे : ९ गुंठ्यांना ४५० बोटुकली, जास्तीत जास्त ५००. आज तुमच्याकडे हेक्टरी दहा हजारांची दाटी आहे, हवा खेळवणारं यंत्र नसताना त्याच्या निम्मी पुरे. कटला ४०, रोहू ४०, मृगळ किंवा सायप्रिनस (कॉमन कार्प) १५ टक्के आणि सिल्व्हर हवाच असेल तर ५ टक्के. बांधावर गवत असेल तर पाच-सात गवत्या (ग्रास कार्प). आपलं पाणी आठ-नऊ महिन्यांचं, म्हणून जिरे, म्हणजे नुकती जन्मलेली पिल्लं, किंवा इंचभर बीज सोडू नका. गेल्या वर्षीचं, दाटीत ठेवून आखूड राहिलेलं ५० ते १०० ग्रॅमचं बीज मिळालं तर ते घ्या. जागा मिळाली की ते झपाट्यानं वाढतं आणि मार्चपर्यंत विकण्याजोगं होतं.

आता सिल्व्हर काढल्यापासून तीन आठवड्यांनी त्याच पाच जागांवरून, त्याच वेळी नमुना घ्या आणि दहा कटल्यांचं वजन करा. भिंगात उड्या मारणारे दिसू लागले आणि कटल्यानं ४०-५० ग्रॅम धरलं, तर मेपर्यंत थांबा. जीव दिसतात पण वजन तिथेच असेल तर कल्ले उघडून उवा आणि पांढरे डाग बघा, उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात एखादा मासा दाखवा. जीवही नाहीत आणि वजनही नाही, आणि पाणी दीड मीटरवर आलं असेल, तर पोसत बसू नका. मिळेल त्या भावानं कटल्याची पहिली ओढ काढा आणि उरलेल्यांना ते ८१० घनमीटर पाणी मोकळं करून द्या.